सशाची पारख

अकोल्याच्या बाजारात मुलीला घेऊन तिच्यासाठी ससा घ्यायला गेलो, तेव्हा पिंजऱ्यापाशी एक वयस्क गृहस्थ आधीच बसले होते. पांढऱ्या मिशा, खांद्यावर दुपट्टा. मागच्या पायांखाली हात देऊन ते एकेक ससा अलगद मांडीवर घेत आणि त्याचे डोळे, नाक, दात पाहत.

माझा गोंधळ बघून म्हणाले, "नाक ओलं असन तं घेऊ नोका. शेपटीखाली घाण दिसली तं पोट बिघडलं समजा. आन् कान धरून उचलू नोका, त्याले दुखते."

आमच्यासाठी त्यांनीच एक करडा ससा निवडला. उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली ठेवू नका, रोज सुकं गवत द्या, हेही बजावलं. मुलगी त्यांच्यावर भलतीच खूश झाली. मग स्वतःसाठी त्यांनी एक पांढरा, गुबगुबीत ससा घेतला.

"नातवंडांसाठी का?" मी विचारलं.

"नाई जी. आज जावई येऊन राहिले. याचा रस्सा करतो."

मी हादरलोच. त्यांचा हात त्या सशाच्या पाठीवरून तसाच मायेने फिरत होता. मुलीच्या कानावर काही पडू नये म्हणून मी तिला ओढलं, पण ती हात सोडवून त्यांच्याजवळ गेली.

"आजोबा, याचं नाव काय ठेवणार?"

ते गडबडले.

"नाव नाई ठेवत, बाई," ते हळूच म्हणाले. "नाव ठेवलं का मंग हात चालत नाई."

परतताना मुलगी आमच्या सशासाठी एकेक नाव सुचवत होती.