खाणकामगाराच्या मुलाचं उदाहरण

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्ज भरणं, आणि तोही दुसऱ्याकडून भरून घेणं. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आईची शाळा सातवीत सुटलेली. अशा घरातल्या माणसानं आपल्या अभ्यासाबद्दल लिहावं आणि ते शिकलेल्या लोकांनी वाचावं, हा आगाऊपणा आहे. पण टिलबर्गच्या डच विद्यापीठात मी समाजशास्त्र कसं शिकलो, किंवा कसं शिकलो नाही, हे दुसरं कोण सांगणार? ज्यांनी पाहिलं त्यांना अजून हसू आवरत नाही.

फोनकार्ड खरवडून घरी फोन करायचे ते दिवस. एम.ए.च्या आधी मला एक वर्ष तयारीचं करायचं होतं आणि त्यात समाजशास्त्राचा पायाभूत विषय होता. तो सुटला तर एम.ए.ला प्रवेश, वर्षभरात नाही सुटला तर राहायचा परवाना संपणार आणि मी परत. गावात स्टँडसमोर माझ्या अभिनंदनाचा फलक लागला होता. परत जायचं म्हणजे त्या फलकाखालून बॅग ओढत जायचं.

अभ्यास मला एकाच पद्धतीनं येत होता. पुस्तक हातात घ्यायचं, खोलीत येरझाऱ्या घालायच्या आणि मोठ्यानं म्हणायचं. व्याख्या लाल पेनानं अधोरेखित, बाकीचं निळ्यानं. चौथ्या दिवशी खालच्या खोलीतली मुलगी वर आली. ती डच होती आणि कायद्याचं शिकत होती.

"रोज सकाळी तू कोणाशी भांडतोस?"

"पुस्तकाशी," मी म्हणालो.

"जिंकतोस का?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं की आठव्या प्रकरणापर्यंत आलोय. ती जिना उतरताना हसत होती, हे मला ऐकू आलं.

वर्गातली गंमत वेगळीच. बाई शिकवायच्या म्हणजे एक प्रश्न टाकून टेबलावर बसायच्या. मुलं बोलायची. पुस्तक ज्यानं उघडलेलं नाही तो सगळ्यात जास्त बोलायचा, आणि बाई त्याला "छान मुद्दा" म्हणायच्या. मला पुस्तक पान क्रमांकासकट येत होतं आणि मुद्दा एकही नव्हता. "तुला काय वाटतं?" असं बाईंनी विचारलं की मला घाम फुटायचा. काय वाटतं हे आमच्याकडे परीक्षेला कधी आलंच नव्हतं. शिवाय बाईंना नावानं हाक मारायची असा तिथला रिवाज. तो मला जमेना, आणि 'मॅडम' म्हटलं की मुलं वळून बघत. म्हणून चार महिने मी त्यांना हाकच मारली नाही.

रविवारी मी पुण्याच्या एका दादाकडे जेवायला जायचो. तो त्याच विद्यापीठात संशोधन करायचा आणि वरणाला फोडणी देता देता सल्ले द्यायचा.

"अरे बाबा, इथे पाठ करत नाहीत. इथे क्रिटिकल थिंकिंग लागतं."

"ते कसं करायचं, दादा?"

"लेखकाशी असहमत व्हायचं."

"पण लेखकाचं बरोबर असेल तर?"

"तरी व्हायचं. फार नाही, थोडंसं. शेवटच्या परिच्छेदात."

"तुम्ही तसंच केलंत?"

दादानं कुकरची शिट्टी उगाचच हलवून पाहिली. "मी पाठच केलं होतं रे. पण शब्द बदलले."

हा सल्ला मी मानायला हवा होता. पण लेखकानं इतकं चांगलं इंग्रजी लिहिलेलं असताना त्यात माझं इंग्रजी घालायचं, हे मला देवाच्या मूर्तीला स्वतःचा सदरा घालण्यासारखं वाटलं. माझ्या इंग्रजीवर माझा विश्वास नव्हता, पुस्तकाच्या होता.

परीक्षेत तिसरा प्रश्न असा होता: कष्टकरी घरातली मुलं उच्च शिक्षणात मागे का पडतात, ते स्वतःचं उदाहरण देऊन स्पष्ट करा. मला आनंदच झाला. अकरावं प्रकरण! त्यात खाणकामगाराच्या मुलाचं दीड पानी उदाहरण होतं. घरात पुस्तकं नसतात, आईबापांना विद्यापीठाची भाषा कळत नाही, मुलगा वर्गात गप्प बसतो, सगळं. मी ते स्वल्पविरामासकट उतरवलं. उत्तरासाठी दिलेली अर्ध्या पानाची जागा संपली तेव्हा हात वर करून पुरवणी मागितली. पर्यवेक्षकाला पुरवणी ही वस्तूच माहीत नव्हती. त्यानं मला स्वच्छतागृहाचा रस्ता दाखवला. पुढचं मी समासात लिहिलं.

दहा दिवसांनी ई-मेल आली. माझं उत्तर पुस्तकाशी शब्दन् शब्द जुळतंय, कॉपीचा संशय आहे, परीक्षा समितीपुढे हजर व्हा. कॉपी ठरली तर वर्षभर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे परवाना जाणार. म्हणजे तो फलक.

समितीत तिघं होते: दोन गृहस्थ आणि आमच्या बाई. मी म्हणालो, "कॉपी नाही केली. पाठ आहे." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एका गृहस्थांनी पुस्तक मधूनच उघडलं, एक ओळ वाचली आणि विचारलं, "पुढे?"

मी उठून उभा राहिलो आणि हात मागे बांधले.

"बसून बोललास तरी चालेल."

मी बसलो आणि बसल्यावर एक अक्षर आठवेना. परवानगी मागून परत उभा राहिलो. मग धडाधडा दोन पानं आली. तिसऱ्या पानावरचा तक्ता मी हातवारे करून सांगू लागलो तेव्हा ते गृहस्थ "पुरे, पुरे" म्हणाले. इतक्या शिकलेल्या माणसांना पाठांतराची एवढी भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

दुसरे गृहस्थ हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. "तुझे वडील काय करतात?"

"मेकॅनिक. बसच्या वर्कशॉपमध्ये."

"घरात कॉलेजला कोण गेलं होतं?"

"मीच पहिला."

"वर्गात तू गप्प का असतोस?"

मी गप्प राहिलो.

"मग यातलं काही का नाही लिहिलंस? प्रश्नात स्वतःचं उदाहरण मागितलं होतं."

"ते पुस्तकात नव्हतं," मी म्हणालो.

बाईंनी पुस्तक बंद केलं. दीड पान मी माझ्याच घराचं वर्णन पाठ केलं होतं, दोन रंगांत अधोरेखित करून, आणि मला ते कुठल्याशा परक्या खाणीतल्या मुलाचं वाटलं होतं. एवढं शिक्षण माझं झालं होतं.

निकाल पत्रानं कळवू, असं त्यांनी सांगितलं. तीन आठवडे झाले तरी पत्र नाही. मी रोज दाराशी जाऊन यायचो. ऑफिसात विचारलं तर "पाठवलंय" म्हणाले. शेवटी खालच्या मुलीला ते सापडलं. दाराजवळच्या सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडलं होतं. पत्र सगळं डचमध्ये. मी जिन्यात उभा, ती पायरीवर बसून वाचत होती, तेही मनातल्या मनात.

"मोठ्यानं वाच ना," मी म्हणालो.

"कॉपी केल्याचं सिद्ध झालेलं नाही," तिनं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. "पाठ करून लिहिण्याला नियमांत बंदी नाही. प्रश्न तिसरा: स्वतःचं उदाहरण नसल्यामुळे शून्य. एकूण दहापैकी चार, पासाला साडेपाच लागतात. नापास."

"आणि?"

तिनं पत्र उलटलं. "ऑगस्टमध्ये परत परीक्षेला बसता येईल. तोपर्यंत तू इथेच."