माल्टाची माती

माल्टाला जायचं हे लेकीने ठरवलं आणि तिथे काय बघायचं हे मी ठरवलं. भांडणाचं मूळ तिथेच होतं, अमेरिकेत फ्रिस्कोतल्या आमच्या स्वयंपाकघरात. तिचं हायस्कूल संपलं होतं, अठरावं सरलं होतं. तिला बीच हवे होते, नाइटलाइफ हवं होतं. "आई, तिथे सतराला ड्रिंकिंग अलाउड आहे," हे तिने मी वरण घोटत असताना सांगितलं. रवी हातात असताना मला असलं काही सांगू नये.

मला किल्ले हवे होते. मी साताऱ्याची, वडिलांचं बोट धरून गड चढत मोठी झालेली. नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून आम्ही दोघीच निघालो. एअरपोर्टवर सोडताना तो म्हणाला, "तिथे कुणाशी वाजवू नकोस यार. बारा वर्षं थांबलोय, ग्रीन कार्ड आता कुठे हातातोंडाशी आलंय. पोलिसात नाव गेलं तर सगळं कॅन्सल." इतर बायकांचे नवरे 'जपून जा' म्हणतात. माझा मला ओळखून आहे.

राग माझ्या नाकावर असतो. लेकीने माझ्या हातचा भरपूर मार खाल्ला आहे. उलथनं, पट्टी, चप्पल, जे हाताला लागेल ते. मलाही माझ्या आईने असंच वाढवलं आणि माझं काय वाईट झालं, असं मी स्वतःला सांगत आले. अमेरिकेत फक्त एक काळजी घ्यायची, आधी खिडक्या लावून घ्यायच्या. शेजारची बाई कधी पोलिसांना फोन लावेल, नेम नाही.

पहिल्याच संध्याकाळी लेक मला बारच्या गल्लीत घेऊन गेली. उतरती, पायऱ्यापायऱ्यांची गल्ली, दोन्ही बाजूंनी गाणी, मध्ये माणसांचा चिखल. अर्धा तास झाला नसेल, दोन दारुडे एकमेकांवर धावून गेले. एकाने दुसऱ्याचं डोकं भिंतीवर आपटलं. तो आवाज मला गाण्यातूनही ऐकू आला. नारळ फुटतो तसा. लेक पांढरीफटक पडली. मी तिला ओढत बाहेर आणलं आणि म्हटलं, "बघितलंस तुझं नाइटलाइफ? जनावरं नुसती." तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी माझा किल्ला. जाडजूड पिवळ्या दगडाचे बुरूज, खाली निळाशार समुद्र. गाइड वेढ्याची गोष्ट सांगत होता. कैद्यांची मुंडकी तोडून तोफांतून शत्रूच्या छावणीत डागली, म्हणे. लेकीने कान झाकले. मी पुढे होऊन विचारलं, किती मुंडकी? वेढा म्हटला की माझं रक्त उसळतं. बुरुजावर चढले आणि साताऱ्याच्या सवयीने ठोकली आरोळी, "हर हर महादेव!" दोन गोऱ्या म्हाताऱ्या दचकून भिंतीला चिकटल्या.

"आई, प्लीज. लोक बघतायत."

"बघू देत."

आता आमच्या घरची रीत सांगते. गडावर गेलं की तिथली माती कपाळाला लावायची आणि चिमूटभर पुडीत बांधून घरी आणायची. फ्रिस्कोच्या देवघरात माझ्याकडे नऊ गडांची माती आहे, नऊ डब्यांत. हा दहावा. बुरुजाखाली एका कोपऱ्यात दोरी लावून पुरातत्त्ववाल्यांचं खोदकाम चाललं होतं. छान भुसभुशीत माती होती. मी दोरी ओलांडली.

"आई, दॅट्स अ डिग साइट! यू कान्ट टेक दॅट!" लेक ओरडली.

मी ऐकलं नाही. रुमालात मूठ बांधतेय तोवर पहारेकऱ्याने मागून माझा दंड धरला. परक्या पुरुषाचा हात! तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोपराने त्याच्या छातीत हाणलं. तो मागे कोलमडला, टोपी पडली. तो पुन्हा पुढे आला तेव्हा मी मातीची मूठ सरळ त्याच्या डोळ्यांत फेकली.

लेक धावत मध्ये आली. माझ्याकडे पाठ करून त्याला म्हणाली, "सॉरी, आय अ‍ॅम सो सॉरी. शी गेट्स लाइक धिस."

पोटची पोर, आणि परक्यापुढे माझ्यासाठी माफी मागते! मी तिला खांद्याला धरून फिरवलं आणि थोबाडीत दिली. पूर्ण ताकदीनिशी. अंगठीचा हात होता. ओठ फाटला. हनुवटीवरून रक्त तिच्या पांढऱ्या टॉपवर ओघळलं. तिने हात वर केला नाही, ओरडली नाही, रडलीही नाही. आजूबाजूचे सगळे थिजले होते. ती एकटीच सरावल्यासारखी पर्समधला टिश्यू काढून ओठावर दाबत होती.

पोलीस आले. आम्हाला तिकीटघरामागच्या खोलीत बसवलं. पहारेकरी डोळे धुऊन आला आणि म्हणाला, माझं काही नाही, त्या मुलीचं बघा. बारा वर्षं डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती. नोकरी, घर, सगळं त्या पोरीच्या एका वाक्यावर टांगलं होतं. अधिकारी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात विचारू लागला. आईने मारलं? आधीही मारलंय? तू तिच्याबरोबर सुरक्षित आहेस?

"इट्स नॉर्मल," लेक म्हणाली. ओठ सुजल्यामुळे शब्द जड येत होते. "ती बाकी कुणाला मारत नाही. आज त्या गार्डला, ते पहिल्यांदाच. एरवी ओन्ली मी. मला तक्रार नाही करायची. कॉलेज सुरू झालं की मी घरी नसेनच."

अधिकाऱ्याने वही मिटली. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोघींचे पासपोर्ट तिच्या हातात दिले.

मी सुटले. बसमध्ये मला हसू आवरेना, इतकी सुटले. संध्याकाळी तिच्या मनासारखं बीचवर गेलो. मी स्वतःहून तिला आइस्क्रीम आणलं, ओठाला गार लागेल म्हणून. तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "काय बेमालूम थापा मारल्यास गं! नॉर्मल काय, ओन्ली मी काय! माझी लेक शोभतेस. आज वाचवलंस मला."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही, खरंच कळलं नसल्यासारखं.

"थापा? विच पार्ट, आई?"

सांगायला मी तोंड उघडलं. तिचं एकेक वाक्य आठवून पाहिलं. त्यातलं खोटं कोणतं, ते मला सांगता येईना.