झिऱ्यात पाणी चढेपर्यंत

माझ्या हातून एक नकाशा साफ चुकला होता, आणि तो चुकलाय हे मला चार म्हशींच्या मालकिणीनं सांगितलं. त्या दिवशी मी स्वतःवरच अशी संतापले होते, की विचारू नका!

मी शाहूपुरीतल्या एका लहान सर्व्हे ऑफिसात नकाशे करते. उचगाव सोडून पुढं, एका टेकडीच्या पायथ्याला खडीची खाण काढायची होती. त्या जागेत पाणथळ कुठंकुठं आहे ते आधी दाखवा, असं वरून कळवलेलं. जिथं पाणथळ, तिथं खाण नाही. मी एप्रिलच्या उन्हात गेले, शिरोली एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतलेल्या गिरमिटानं जागोजागी भोकं पाडली, प्रत्येकात वाकून बघितलं, पाणी दिसलं नाही, लिहिलं ‘कोरडे’. जेवणाच्या आत काम उरकलं म्हणून स्वतःवर खूश झाले. घाई हा माझा जुनाच रोग.

सही करून नकाशा दिला. हद्दीची एक बाजू पुन्हा मोजायला सांगितली म्हणून आठवड्यानं परत गेले, तर माझ्या एका भोकाशेजारीच एक मावशी खड्ड्यातून तांब्यानं पाणी काढून बादलीत ओतत होती.

“मावशी, हे पाणी कुठनं आणलं?”

“आणतोय कशाला? हितलंच हाय की. सकाळी झिरा उकरायचा, धारा काढून यायचं, तवर भरतोय.”

मी तिला माझी भोकं दाखवली. ती कमरेवर हात ठेवून हसली. “उकरलं की लगीच वाकून बघितलासा? चुलीवर दूध ठिवून आलतासा व्हय?”

खालची माती चिकण. पाणी त्यातनं हळूहळू पाझरतं. उन्हाळ्यात जनावरं सांभाळणाऱ्या कुणालाही हे ठाऊक होतं, पदवीवाल्या मला तेवढं ठाऊक नव्हतं! तिच्या म्हशी पाऊस येईपर्यंत इथल्याच हिरव्या गवतावर जगायच्या. “ह्ये गवात गेलं तर म्हशी इकाव्या लागतील,” ती सरळ म्हणाली. आणि ते गवत घालवायची सोय माझ्या सहीनं झाली होती. लाजेनं माझे कान तापले.

ऑफिसातले साहेब म्हणाले, “सही केलेला नकाशा बदलायचा? आपली अब्रू जाईल.”

“जाऊ दे गेली तर,” मी म्हणाले, आणि सामान उचललं.

चार दिवस मी मावशीच्या पद्धतीनं काम केलं. सकाळी खड्डे, दुपार टळल्यावर मोजणी. राखाडी मातीत तांबूस ठिपके सापडायला लागले. असे ठिपके म्हणजे तिथं वर्षातले कितीतरी दिवस पाणी मुरून राहतं. नव्या नकाशावर पाणथळाची निळी रेघ पायथाभर पसरली.

पहिला नकाशा चुकल्याचं मी वर कळवलं, तेव्हा सरकारी साहेब पाहणीला आले. खाणीच्या माणसानं माझा जुना नकाशा फडकवला. “ह्याच बाईंची सही हाय की, साहेब. कोरडा माळ!”

“सही माझी, चूकही माझी,” मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. “आता इथं एक खड्डा काढते. तासभर थांबा.”

खड्डा काढला. कोरडा. अर्धा तास झाला, तरी कोरडा. आज नेमकं पाणी आलं नाही तर दुसरा नकाशा कोण मानणार? खाणीचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, “चला साहेब, ऊन वाढाय लागलंय.”

“गुमान बसा की पावणं,” म्हशी सोडून बघायला आलेली मावशी कडाडली. “पाणी काय तुमच्या बापाचा नोकर हाय?”

साहेबांना हसू आलं, आणि ते बांधावर टेकले. त्या हसण्यानं आम्हाला वेळ मिळाला. थोड्या वेळानं खड्ड्याच्या तळाशी ओल चमकली. मग बोटभर पाणी. मग चार बोटं! साहेब गुडघ्यावर बसले, आत हात घातला, मनगटापर्यंत भिजलेला बाहेर काढला. माझा नवा नकाशा मागून घेतला आणि त्यावर तिथंच लिहिलं: पाणथळ, खाणीतून वगळावे. मी मावशीचा हात असा दाबला की तिच्या बांगड्या मला रुतल्या. नाचायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

खाणीच्या हद्दीचे खुंटे गवताच्या पार पलीकडंपर्यंत ठोकलेले होते. “हे आजच काढा,” साहेब म्हणाले. तो माणूस फोन काढून कुरकुरला, “मजूर उद्या येतील, साहेब.”

मावशीनं पदर खोचला. जवळचा खुंटा दोन्ही हातांनी हलवला, उपटला आणि मातीसकट त्याच्या हातात दिला.

“घ्या पावणं. बाकीचं आमी दोघी काढतो.”

आणि काढले. सगळेच्या सगळे.