अबू सत्तामकडे येणारा परदेश

अबू सत्ताम माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्या इर्बिद शहरात त्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली. एकाच रस्त्यावर इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला शेवटी वाटू लागतं की आपण जागेवरच बसून आहोत, रस्ताच तेवढा येतो-जातो. निवृत्त झाल्यावर त्याने तळमजल्यावरची खोली रंगवली आणि अरबी शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांना सहामाहीपुरती द्यायला लागला. जपानचा आला, पोलंडचा आला, ब्राझीलचा एक आला तो जाताना रडला. प्रत्येकाबद्दल अबू सत्तामचं ठाम मत असे, आणि त्यावरून त्या अख्ख्या देशाचं भवितव्य ठरे. पोलंडचा मुलगा फाटक उघडं टाकायचा. तेव्हापासून पोलंडचं काही खरं नव्हतं.

त्याची मुलगी अरीज हिची विद्यापीठाने एका सहामाहीसाठी आयर्लंडला पाठवायला निवड केली, तेव्हा त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"परदेश आपल्याकडे येतो," तो म्हणाला. "जेवतो, कपडे वाळत घालतो, जातो. आपण कशाला जायचं?"

"शिकायला, बाबा."

"ते इकडे येतात ना शिकायला? मग शिकण्यासारखं आहे ते इकडेच असणार."

हे तो घरातल्या घरात बोलला असता तर माझ्या बहिणीने चार दिवसांत त्याला वळवला असता. पण बोलला तो शुक्रवारच्या जेवणाला, त्याच्या सगळ्या चुलत भावांसमोर. चारचौघांत दिलेला नकार खांबासारखा असतो. रोवणाऱ्यालाही तो उपटता येत नाही. बाकीचे बघत असतात. विद्यापीठाला महिनाअखेर होकार कळवायचा होता. अरीज माझ्याकडे आली.

"मामा, तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"मी बोललो तर विद्यापीठही बंद करेल तुझं."

तेव्हा खालच्या खोलीत नेमका आयर्लंडचाच मुलगा होता. किलियन नावाचा, तांबड्या केसांचा, कायम माफी मागितल्यासारखा उभा राहणारा. त्याची अरबी रेडिओवरच्या बातम्यांसारखी. भाजी मागायचा तरी वाटे कुठेतरी सरकार पडलं. पुढच्या शुक्रवारी भाऊमंडळी त्याला बघायला आली. सगळ्यांत थोरले हाजी फलाह गादीवर मधोमध बसले. अबू सत्तामने स्वतः कडू कॉफी ओतली आणि बिनकानाचा इवलासा कप पहिल्यांदा पाहुण्याच्या हातात दिला.

किलियनने तो घेतला, वास घेतला आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला.

आमच्याकडे कप असा उगाच ठेवत नाहीत. मुलीला मागणी घालायला आलेले लोक ठेवतात, खुनाची माफी मागायला आलेले ठेवतात. मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही, आणि यजमान "घे कॉफी, तुझं काम झालं" म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही.

अबू सत्तामने कपाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे अरीज उभी होती. त्याचा चेहरा उतरला. पडद्यामागे माझ्या बहिणीच्या हातून झाकण पडलं.

"पोरगं धीट आहे," हाजी फलाह म्हणाले. "एकटाच आला. बरोबर वडीलधारं कोणी नाही."

"धर्माचं काय पण?" दुसऱ्या एका भावाने विचारलं.

"ते नंतर बघू. घराणं कसं आहे?"

किलियनला एवढंच कळलं की काहीतरी भयंकर झालंय आणि ते आपण केलंय. त्याची अरबी पळाली. हाजींनी अरीजला हाक मारली. "ये पोरी, ह्याला विचार, काय मागायचंय."

अरीजने इंग्रजीत विचारलं. किलियनने छातीवर हात ठेवला आणि घाबरत चार शब्द बोलला. इंग्रजी मला थोडी कळते. कॉफीने त्याची छाती धडधडायची, एवढंच होतं. पण छातीवरचा हात बघून भाऊमंडळींनी एकमेकांकडे पाहिलं.

"तो म्हणतो," अरीजने सुरुवात केली, "की ह्या घराने त्याला मुलासारखं ठेवलंय. इथली मुलगी त्याला सख्ख्या बहिणीसारखी आहे. त्याच्या देशालाही ह्या घराचा पाहुणचार करायची संधी मिळावी, नाहीतर त्याची मान कायमची खाली. म्हणून तो मागतोय की अरीजला एका सहामाहीसाठी आयर्लंडला पाठवा. ती वसतिगृहात राहील, मुलींच्या. आणि रोज फोन करील."

"एवढं सगळं बोलला?" एका भावाने विचारलं.

"त्यांची भाषा आटोपशीर असते," हाजी फलाह गंभीरपणे म्हणाले. "बहीण म्हणाला, अबू सत्ताम. ऐकलंस ना?"

अबू सत्तामने ऐकलं होतं. क्षणापूर्वी त्याने मनात अख्खी मुलगी गमावली होती. आता सहामाहीवर सुटत होतं. त्याने मिशीवरून हात फिरवला.

"घे बाळा कॉफी," तो म्हणाला. "तुझं काम झालं."

सगळे किलियनकडे बघायला लागले. तो कपाकडे बघत राहिला. त्याने मान हलवली, नको म्हणून. तो प्यायल्याशिवाय काहीच ठरणार नव्हतं. अरीज त्याच्याजवळ वाकली आणि गोड हसत, दातांतल्या दातांत काहीतरी म्हणाली. ते मला ऐकू आलं नाही. किलियनने डोळे मिटून कप रिकामा केला. पुरे म्हणायला कप हलवायचा असतो, ते त्याला ठाऊक नव्हतं. अबू सत्ताम ओतत राहिला, तो पीत राहिला. अरीजने त्याला थांबवलं नाही. तिला ते अगदी पक्कं करून हवं असावं.

मंडळी गेल्यावर मी जोडे घालत होतो. आत अबू सत्ताम कप गोळा करत होता.

"चारच शब्द बोलला तो," त्याने मुलीकडे न बघता म्हटलं.

"ते लोक थोडक्यात बोलतात, बाबा."

"आईशी फोनवर तर तासभर बोलत असतो."

अबू सत्तामने कप एकात एक रचले, पुन्हा काढले, पुन्हा रचले.

"तिथे दमट थंडी असते म्हणे," तो म्हणाला. "आईला सांग, लोकरीचे मोजे विणायला घे."