ठरवलं कोणी?

मला फक्त इंग्रजी दुरुस्त करून हवं होतं. वडिलांवर मी दोनशेच्या आसपास पानं लिहिली होती. शिकागोला नोकरीला जाता-येता ट्रेनमध्ये वहीवर लिहायचो आणि शनिवार-रविवारी घरी कॉम्प्युटरवर टाइप करायचो. इंग्रजीत लिहायचं कारण माझी मुलगी. तिला मराठी समजायचं, पण उत्तर ती इंग्रजीतच द्यायची आणि देवनागरी तिला वाचता येत नव्हती. आजोबा कोण होते हे तिला कळावं, एवढंच मनात होतं. पहिली प्रत मात्र नागपूरला वडिलांकडेच जाणार होती. ते टपाल खात्यात सॉर्टर होते. आयुष्यभर पत्ते वाचल्यामुळे छापलेला कोणताही मजकूर ते अक्षर न अक्षर तपासायचे.

आमच्या गावच्या, नेपरव्हिलच्या, लायब्ररीतल्या फळ्यावर एक कार्ड टाचलेलं होतं. लिखाण तपासून मिळेल, खाली फोन नंबर. बायको म्हणाली, "तुझं इंग्रजी ऑफिसात चालतं, मग घरच्या पुस्तकाला बाहेरची बाई कशाला?" मी म्हटलं, चार आर्टिकल्स, ए-द वगैरे, इकडची तिकडे झाली असतील, तेवढीच बघून घेतो.

बाई सत्तरीच्या होत्या, आमच्यापासून दोन स्टेशनं पुढे एकट्या राहायच्या. नावाने हाक मारा म्हणायच्या, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. मी कोणतीच हाक न मारता बोलायला सुरुवात करायचो. त्यांनी कधी गोष्टीची पुस्तकं तपासली नव्हती. जन्मभर एका कारखान्यासाठी यंत्रांची माहितीपुस्तकं तपासली होती: यंत्र कसं जोडायचं, कसं चालवायचं, कसं बंद करायचं. हे ऐकून मी मनात थोडा खट्टू झालो. माझं पुस्तक काही पंप नव्हतं.

पाच आठवड्यांनी कागदांचा गठ्ठा परत आला. मी तो जेवणाच्या टेबलावर उघडला आणि उभ्यानेच वाचत राहिलो. टोकदार पेन्सिलीने समासात बारीक, सरळ अक्षरं. आर्टिकल्स त्यांनी सुधारली होतीच, पण ती जाता जाता. बाकी सगळे प्रश्न होते. आजीच्या घराला दार कोणत्या बाजूला होतं? वडील सायकल डाव्या हाताने धरायचे असं पान बारावर आहे, मग पान साठवर उजव्या हातात पिशवी हवी ना? हे खरं होतं. वडिलांच्या उजव्या हातात नेहमी पिशवी असायची आणि मी ती लिहायला विसरलो होतो. नागपूर नकाशात कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या बाईला माझ्या वडिलांच्या हातातली पिशवी दिसली होती.

मग काही वाक्यांभोवती छोटी वर्तुळं दिसू लागली. मी मराठीत विचार करून इंग्रजीत लिहीत होतो. 'मला राग आला' याचं मी 'राग माझ्याकडे आला' असंच करून टाकलं होतं. असली वाक्यं त्या खोडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ती ठेवली होती आणि समासात लिहिलं होतं: सुंदर, हात लावू नका. पण दुसरी काही वाक्यं होती. पत्र लिहायचं राहून गेलं. भेट झाली नाही. तसं ठरलं. प्रत्येकाशेजारी एकच शब्द होता: कोणी?

पान एकशे अठरावर तो शब्द दोनदा होता, आणि त्याखाली रेघ. माझं वाक्य होतं: 'सोयीसाठी घरात दुसरं अभिवादन वापरायचं ठरलं.'

मी गठ्ठा बंद केला.

झालं होतं ते असं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वडील चार महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आमच्या घरात माणूस भेटला की जय भीम म्हणतात. आल्या आल्या त्यांनी सात वर्षांच्या नातीला ते शिकवलं. रोज सकाळी दोघं एकमेकांना गंभीरपणे जय भीम करायची आणि मग सीरियल खायची. एका शनिवारी मी चार मराठी कुटुंबांना जेवायला बोलावलं. सगळे पुण्या-मुंबईचे, इथल्या महाराष्ट्र मंडळातले. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही, आणि अमेरिकेतल्या सहा वर्षांत मीही कुणाला काही कळू दिलं नव्हतं. आदल्या दिवशी लायब्ररीतून परतताना गाडीत, सिग्नलला थांबलो असताना, समोर बघत मी म्हणालो, "बाबा, उद्या पाहुण्यांशी नुसतं नमस्कार म्हणाल का?"

ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी प्रत्येकाला हात जोडून स्पष्ट नमस्कार केला. आलेल्या बायकांनी त्यांचं कौतुक केलं, काका किती शांत आहेत म्हणाल्या. कुणी काही विचारलं नाही. बायको मात्र त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण तिला मी विचारलंही नव्हतं. सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तर वडील चहा गाळत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "नमस्कार." टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. मी सांगितलेलं ते पाळत होते, एवढंच. ते उरलेले तीन महिने आणि त्यानंतरची सगळी वर्षं, प्रत्यक्षात आणि फोनवर, माझ्या वडिलांनी मला पुन्हा जय भीम केला नाही. आजोबा आता ते का म्हणत नाहीत, असं मुलीने मला इंग्रजीत विचारलं होतं. मी म्हणालो होतो, तसं ठरलंय. तिने ते खरं मानलं.

आठवड्याने बाईंकडे गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाकडी पट्टी, पेन्सिलींचा डबा आणि माझी पानं. त्या प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून मोठ्याने वाचायच्या. एकशे अठरावर आल्यावर थांबल्या आणि विचारलं, "कोणी ठरवलं?"

मी म्हणालो, आम्ही.

"आम्ही म्हणजे?"

मी सांगायला लागलो की मराठीत ठरलं हा एक शब्द आहे, त्याला माणूस लागत नाही, ते आपोआप होतं. त्यांनी ते फार रस घेऊन ऐकलं, माझ्याकडून तो शब्द दोनदा म्हणवून घेतला. मग म्हणाल्या, "राग येतो, हे मला पटलं. तुमची भाषा तिथे माझ्या भाषेपेक्षा खरं बोलते. पण झडप बंद करायची ठरली असं मी माहितीपुस्तकात छापू दिलं असतं, तर प्रत्येकाला वाटलं असतं की ती दुसऱ्याने बंद केलीय."

मी म्हणालो, "मी. मी ठरवलं."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, जणू तोही पहिल्याइतकाच साधा होता. "दुसरं अभिवादन म्हणता. पहिलं कोणतं? दोनशे पानांत ते कुठेच नाही."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वडिलांवर पुस्तक लिहिलं आणि त्यांच्या तोंडचा पहिला शब्द त्यात नव्हता. नेपरव्हिलच्या जवळच्या त्या परक्या स्वयंपाकघरात मी तो उच्चारला. कित्येक वर्षांनी माझाच आवाज मला ऐकू आला. बाईंनी तो म्हणून पाहिला, भीमचं बीम झालं, पुन्हा म्हणून पाहिला. त्याचा अर्थ विचारला नाही. तो सांगायचा की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलं असावं.

ते एक वाक्य बदलायला मला दोन आठवडे लागले. 'पाहुण्यांसमोर जय भीम म्हणू नका, असं मी माझ्या वडिलांना सांगितलं.' त्यापुढे मी तीन पानं जोडली: मंडळ, लोकांचे प्रश्न, नोकरी, भीती, सगळं. बाईंनी वाक्याला हात लावला नाही आणि तिन्ही पानांवर एक तिरपी रेघ ओढली. खाली लिहिलं होतं: इथे तुम्ही माफी मागताय. ती त्यांच्याकडे मागा. हे पान त्यांचं आहे.

मला वाटलं होतं, मी त्यांना माझं लिखाण सुधारायला नेमलंय. आणि त्या खरोखर तेवढंच करत होत्या. एक शब्द बरोबर जागी बसावा, यापलीकडे त्यांनी काही मागितलं नव्हतं. त्या शब्दामागे माझी सात वर्षं उघडी पडली, ते त्यांना दिसलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

प्रत नागपूरला पाठवण्याआधी ते पान मी मुलीला वाचायला दिलं. आता ती चौदाची होती. वाचून झाल्यावर तिने पान उलटं ठेवलं आणि विचारलं, आजोबांना हे माहीत आहे का, की तू लिहिलंयस? मी म्हटलं, पाठवतोय. ती म्हणाली, गुड. आणि तिच्या खोलीत गेली.

वडील डिक्शनरी घेऊन वाचतात, त्यामुळे मी सहा आठवडे थांबलो. रविवारी फोन व्हायचे ते हवापाण्याचे. पुस्तकाचा विषय ते काढत नव्हते आणि मीही काढत नव्हतो. सातव्या रविवारी सकाळी फोन लावला. नागपूरला संध्याकाळ असणार. त्यांनी उचलला आणि नेहमीसारखं म्हणाले, "हॅलो, नमस्कार."

मी म्हणालो, "जय भीम, बाबा."

तेव्हाच्या फोनमध्ये आवाज पोचायला जरा वेळ लागायचा. ती शांतता लाइनची होती की वडिलांची, ते कळायला मार्ग नव्हता. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

"जय भीम," ते म्हणाले. मग पानं उलटल्याचा आवाज आला. "पान एकशे अठरा. भीमच्या स्पेलिंगमधला एच राहून गेलाय."

बाईंच्या तो लक्षात येणं शक्य नव्हतं. त्या एका शब्दापुरतं त्यांना माझ्यावर विसंबावं लागलं होतं.

"राहून नाही गेला, बाबा," मी म्हणालो. "मी सोडला."

"मग घाल," ते म्हणाले. "आणि सूनबाईला दे फोन."