हॅलोमावशी आणि चारशे बारा लाल चौकोन

हॅलोमावशीचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव काय, हे आता तिच्या नवऱ्यालाही जरा आठवून सांगावं लागतं. शीतगृहाच्या कंपनीत कॉम्प्युटर बिघडल्याच्या तक्रारी फोनवर घेण्यात तिची बावीस वर्षं गेली. तेवढ्या काळात नाव, आडनाव, हुद्दा सगळं झिजून 'हॅलो' तेवढं उरलं आणि वयोमानानुसार त्याला 'मावशी' चिकटलं.

पण तो हॅलो साधासुधा नव्हता. पलीकडच्या माणसाच्या नुसत्या श्वासावरून मावशी दुखणं ओळखायची. कुणी तोंड उघडायच्या आत "प्रिंटर का?" असं तीच विचारायची आणि पलीकडचा दचकून आपल्या फोनकडे बघत राहायचा. भांडायला म्हणून फोन केलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला स्वतःच्या गुडघेदुखीवर बोलायला लागायचा आणि पाचव्या मिनिटाला उलट तिलाच जपून राहायला सांगायचा.

तिची जागा जिन्याखाली होती. तिथे उभं राहायचं तर मान वाकडी करावी लागे, म्हणून मावशी सहसा उभी राहत नसे. खुर्चीचं एक चाक चौथ्या वर्षी तुटलं. त्या पायाखाली कुणीतरी जुनी जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी सरकवली आणि 'नवी येईपर्यंत' असं आश्वासन दिलं. आश्वासन देणारा निवृत्त झाला. डिरेक्टरी नोकरीत राहिली.

अशात कंपनीच्या मालकांना एक कल्पना सुचली. मालकांना सगळे 'थोरले' म्हणत. त्यांचे चार धंदे होते : शीतगृह, दुधाची डेअरी, पार्सलच्या गाड्या आणि औषधांची दुकानं. चारही ठिकाणी कॉम्प्युटर सांभाळायला वेगवेगळा माणूस. या चौघांनाही नावं होती, पण ती पगाराच्या कागदापुरती. एरवी ते बर्फ, दूध, पार्सल आणि गोळी. प्रत्येक जण आपापली मशिनं अशी सांभाळायचा, की शेजारच्याला स्क्रू किती आहेत तेसुद्धा कळू नये. एकाकडे बिघाड झाला की बाकीचे तिघे "आमच्याकडे असलं होत नाही हो" असं म्हणून समाधानाने चहा पीत.

"चार ठिकाणी चार पहारेकरी कशाला?" थोरले म्हणाले. "एका खोलीत बसा. चारही कंपन्यांवर मिळून नजर ठेवा. बिघाड कुणाचाही असो, दुरुस्ती सगळ्यांची."

झालं. तिसऱ्या मजल्यावर मोठी खोली तयार झाली. एक अख्खी भिंत पडद्यांनी मढवली. भिंतीवर प्रत्येक गोष्टीचा एक चौकोन. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धावा. चौघांची चार टेबलं, फोन घ्यायला हॅलोमावशी, आणि मधोमध खोलीच्या प्रमुखाची खुर्ची. ती खुर्ची काळी, उंच पाठीची, पाच चाकांची, आणि अंगावर अजून दुकानातलं प्लास्टिक. प्रमुख ठरला नव्हता, कारण चौघांपैकी कुणालाही प्रमुख केलं असतं तर उरलेल्या तिघांनी जेवण सोडलं असतं.

मावशी तीन चाकं आणि डिरेक्टरी घेऊन वर आली.

लाल कशाला द्यायचा, यावर चार दिवस घमासान झालं. "माझं दूध नासतं, मला लाल पाहिजे," दूध म्हणाला. "माझी गाडी भर रस्त्यात थांबते, त्याचं काय?" पार्सल म्हणाला. "इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे," गोळी छातीवर हात ठेवून म्हणाला. बर्फ बारा महिने स्वेटर घालायचा आणि बोलायचा कमी. त्याने न बोलता आपलं सगळंच लाल करून टाकलं. मग तडजोड झाली, म्हणजे प्रत्येकाने आपलं सगळंच लाल केलं. प्रिंटरमधला कागद संपला, लाल. दुकानातलं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं, लाल. शेवटी थोरल्यांनीही निरोप धाडला : "रोज सकाळी दहाला मला विक्रीचा रिपोर्ट येतो. मिनिटभर जरी उशीर झाला तरी लाल."

पहिल्या दिवशी थोरल्यांनी चाचणीचं बटण दाबलं आणि भिंत पेटल्यासारखी झाली. मागितलेले चारशे बाराही चौकोन एकदम लाल. त्या उजेडात थोरल्यांचा चेहरा टोमॅटोसारखा दिसत होता.

"एवढं सगळं बिघडलंय?"

"नाही साहेब," दूध अभिमानाने म्हणाला, "एवढं सगळं महत्त्वाचं आहे."

त्या दिवसापासून मावशीचे हाल सुरू झाले. लाल लागला की तो कुणाचा ते बघायचं, उठायचं, त्याच्या टेबलापाशी जायचं, त्याच्या कानावरचा हेडफोन उचलायचा आणि "बाबा रे, तुझा लाल" असं सांगायचं. तो "बघतो" म्हणायचा आणि हेडफोन परत खाली यायचा. संध्याकाळी मावशीचे पाय चपलेत मावेनात.

दुसऱ्या आठवड्यात शीतगृहाची चार नंबरची खोली गरम व्हायला लागली. तिचा चौकोन प्रामाणिकपणे लाल झालाही होता. पण एका बाजूला डेअरीचा कागद संपलेला प्रिंटर, दुसऱ्या बाजूला औषधांच्या दुकानातलं घड्याळ, त्या गर्दीत तो पाच तास कुणालाच दिसला नाही. नऊशे डबे आइस्क्रीम मऊ पडलं. ते विकता येईना, म्हणून सगळ्या इमारतीने दोन दिवस ते चमच्याने संपवलं. असे सुखाचे दिवस त्या इमारतीने पूर्वी पाहिले नव्हते. गोळीने खोकत खोकत सहा डबे खाल्ले.

थोरले वर आले. त्यांनीही एक चमचा तोंडात घातला.

"चांगलं आहे," ते म्हणाले, "म्हणूनच जास्त राग येतोय. तीस दिवस देतो. ही खोली नीट चालली तर त्या खुर्चीवर तुमच्यातलंच माणूस बसवीन. नाही चालली तर ज्याचा तो आपापल्या जागी परत."

चौघांनी खुर्चीकडे बघितलं. मावशीला जिना दिसला. तिची मान आपोआप वाकडी झाली.

खरं सांगायचं तर ती खुर्ची तिला हवी होती. कुणी नसताना तिने एकदा प्लास्टिकवरूनच खुर्चीच्या हाताला हात लावून पाहिला होता. बावीस वर्षं दुसऱ्यांची गाडी रुळावर आणून देणाऱ्या बाईला एकदा चाकांवर बसावंसं वाटलं, तर त्यात गैर काय?

घरी त्याच सुमाराला वेगळंच प्रकरण चालू होतं. सासूबाईंचा पाय मुरगळला होता आणि डॉक्टरांनी त्यांना तीन आठवडे पलंगावरून हलू नका म्हणून बजावलं होतं. मावशीचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याला मातृभक्तीचं भरतं आलं. शाळेच्या अडगळीतली एक पितळी घंटा आणून त्याने आईच्या उशाशी ठेवली. "आई, काही लागलं की वाजव. संकोच करायचा नाही."

सासूबाईंनी केला नाही. उशी सरकली, घंटा. खिडकीत शेजारचं मांजर आलं, घंटा. ते गेलं, घंटा. समोर घड्याळ असताना वाजले किती म्हणून घंटा. दरवेळी नवरा पेपरमधून डोकं वर काढायचा, प्रेमाने म्हणायचा, "अगं, आई बोलावतेय," आणि डोकं परत आत.

सुट्टीच्या दिवशी सतराव्या घंटेला मावशीचे हात कोपरापर्यंत साबणात होते.

"अहो," ती आतूनच म्हणाली, "घंटा कुणी आणून दिली?"

"मी."

"मग उठायचं कुणी?"

नवऱ्याने पेपरची घडी घातली. तो उठला. संध्याकाळपर्यंत एकोणीस वेळा उठला. विसाव्या वेळी आईच्या पायथ्याशीच बसला आणि कागदावर चित्रं काढायला लागला : औषधाची बाटली, संडासचं दार, दुखरा पाय. "आई, या तीन गोष्टींना घंटा. मांजराला नाही."

"आणि मांजरं दोन आली तर?"

"तरी नाही."

दुसऱ्या दिवशी घंटा चारदा वाजली. चारही वेळा कारण होतं. संध्याकाळी मावशी ओट्यापाशी उभी राहून ती शांतता ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिच्या हातातला चमचा थांबला.

सकाळी ऑफिसात पोचताच तिने चौघांना गोळा केलं. "आजपासून मी उठणार नाही. ज्याने लाल मागितला, त्याच्याच खिशातला फोन वाजेल. उठलो म्हणून एक दाबेपर्यंत वाजत राहील. जेवायला बसलेला असलास तरी, दाढी करत असलास तरी."

"वा! असंच पाहिजे," चौघेही म्हणाले. प्रत्येकाला वाटलं, फजिती उरलेल्या तिघांची होणार.

बर्फाने फोनची जोडणी केली. फोनमध्ये बोलायला आवाज हवा होता, तो मावशीचाच घेतला : "हॅलो! तुझा लाल लागलाय. उठलास तर एक दाब." मग यादी झाली, एकेका लालसमोर एकेकाचा नंबर. चारशे अकरा झाले. शेवटचा राहिला, थोरल्यांच्या रिपोर्टचा. तो मागितला कुणी? चौघे छताकडे बघायला लागले. मावशीने शांतपणे थोरल्यांचा नंबर लिहिला.

"मावशी," गोळी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खुर्ची विसरा. जिन्याखालचं जाळं काढून ठेवायला सांगू का?"

मावशीलाही तो जिना दिसत होता. पण नियम एकाला लावायचा आणि दुसऱ्याला सोडायचा, तर सासूबाईंच्या मांजराने काय घोडं मारलं होतं?

पुढचे तीन दिवस बघण्यासारखे होते. पार्सल न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या मिशीनिशी धावत आला. दात दाखवायला गेलेला गोळी दातांच्या डॉक्टरकडून तोंडात कापूस घेऊन आला आणि दिवसभर खुणांनी बोलला. दुधाचा फोन पहिल्याच दुपारी एकसष्ट वेळा वाजला. डबा उघडलेला, घास हातात, आणि फोनमधून मावशी "हॅलो!" करतेय. संध्याकाळी तो स्वतःच्या पायांनी तिच्या टेबलाशी आला.

"मावशी, तेवढा प्रिंटरचा लाल काढा. कागद संपला तर समोरच्या माणसाला दिसतोच की."

"अरे, पण महत्त्वाचं आहे ना ते?"

"पाया पडतो."

चारशे बाराचे एकशे नव्वद झाले, एकशे नव्वदचे चाळीस, आणि पंधराव्या दिवशी भिंतीवर अकरा गोष्टी उरल्या ज्यांना खरोखर धावावं लागतं, आणि वर थोरल्यांचा रिपोर्ट. चार नंबरच्या खोलीचं दार कुणीतरी उघडं टाकलं, तर बर्फ सहा मिनिटांत तिथे. हळूहळू चौघे एकमेकांशी बोलायलाही लागले. "दूध, तू खाली चाललायस ना, जाता जाता माझाही स्विच बघ," असं पार्सल म्हणाला, आणि दूध चक्क बघून आला. पण खरी एकी झाली ती थोरल्यांच्या रिपोर्टवरून. तो उशिरा गेला तर मालकांच्या खिशात मावशी ओरडणार, या धास्तीने चौघे रोज पावणेदहापासून त्या रिपोर्टभोवती बाळंतिणीभोवती बसावं तसे बसायचे आणि दहाला दोन मिनिटं कमी असताना तो वर ढकलायचे.

तिसावा दिवस उजाडला. थोरले दहाला येणार, म्हणून चौघेही धुतलेले शर्ट घालून दारात ओळीने उभे. बर्फाने स्वेटरला इस्त्री केली होती. थोरले आले. त्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंत हिरवीगार, गप्प.

"बंद आहे का हे?"

"चालू आहे, साहेब," मावशी म्हणाली.

"मग काही चाललेलं कसं दिसत नाही? मागे निदान धावपळ तरी होती. हिरव्या भिंतीकडे बघत बसायला मला पाच माणसं कशाला हवीत?"

दुधाचा चेहरा नासला. समोरच्याच्या श्वासावरून दुखणं ओळखणाऱ्या मावशीला थोरल्यांच्या श्वासावरून कळलं, की आपण जिन्याखाली निघालो. आणि तेवढ्यात भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन टपकन लाल झाला. दहा वाजून एक मिनिट झालं होतं. चौघे दारात उभे होते, रिपोर्ट ढकलायला टेबलाशी कुणीच नव्हतं.

थोरल्यांचा खिसा वाजला. त्यांनी फोन कानाला लावला.

"हॅलो! तुझा लाल लागलाय. उठलास तर एक दाब."

थोरल्यांनी फोन बंद केला. तो परत वाजला.

"मला 'तुझा' कोण म्हणतंय? माझा नंबर यात कुणी घातला?"

"मीच, साहेब," मावशी म्हणाली. "ज्याने लाल मागितला त्यानेच उठायचं, असा इथला नियम आहे. हा लाल तुम्ही मागितला होता."

"आणि उठून मी काय करू?"

"रिपोर्ट का आला नाही ते बघायचं."

फोन तिसऱ्यांदा वाजला. थोरल्यांनी मावशीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि एक दाबला. दुधाच्या टेबलाशी जाऊन ते बसले. दुधाने बटण दाखवलं, ते त्यांनी दाबलं. चौकोन हिरवा झाला.

"हा रिपोर्ट मी रोज वाचतो कधी?" थोरल्यांनी स्वतःशीच विचारल्यासारखं विचारलं.

"चार वाजता, साहेब," बर्फ बोलला. महिनाभरात त्याचं हे दुसरं वाक्य असेल. "उघडला की इथे दिसतं."

"मग दहाला लाल कशाला पाहिजे?"

"तेच विचारायचं होतं," मावशी म्हणाली, "पण तुम्हाला कोण विचारणार?"

थोरले आधी नाकातून हसले, मग पोटातून, मग रुमाल काढावा लागला. "काढून टाका तो! आणि आधीचे चारशेही असेच गेले?"

"हो, साहेब. ज्याचा तो आपल्या पायांनी येऊन काढून गेला."

थोरले उठले, मधल्या खुर्चीपाशी गेले आणि प्लास्टिक त्यांनी स्वतःच्या हातांनी टराटरा फाडलं. "बसा, बाई."

मावशीने चौघांकडे पाहिलं. जेवण सोडायचा विचार एकाच्याही चेहऱ्यावर नव्हता. गोळी तर टाळ्या वाजवत खोकत होता. ती बावीस वर्षांच्या सवयीने अंग टाकून बसली. पण या खुर्चीखाली डिरेक्टरी नव्हती. पाचही चाकं एकदम निघाली, आणि बसल्या बसल्या मावशी मागे घरंगळत थेट हिरव्या भिंतीला जाऊन टेकली.

"धरा! धरा!" पार्सल ओरडला.

"कुणी धरू नका," मावशी म्हणाली. टेबलावरचा फोन वाजत होता. दोन्ही पायांनी वल्हवत, पदर सावरत ती खोलीभर वळसा घालून फोनपाशी आली. इतकी खूश होऊन तिने आजवर कुणाचाच फोन उचलला नव्हता.

"हॅलो! ... प्रिंटर का?"