खाल्लेला अनुस्वार

माझं मराठी शुद्ध आहे आणि चित्रं त्याहून बरी, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात वीसेक वर्षं गेली. गेल्या वर्षी आईच्या आठवणींचं पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा मजकूर माझा आणि चित्रंही माझीच, असा थाट होता.

त्यासाठीच पेनाने लिहिता आणि वाचता येणारी मोठी ई-इंकची पाटी घेतली. दुकानात तिला काहीही म्हणोत, आमच्या घरात ती पाटीच. आकार परीक्षेच्या उत्तरपत्रिकेएवढा, पडदा कागदासारखा मळकट पांढरा, रंग नाहीत, चमक नाही. मुलुंडच्या आमच्या गॅलरीत दुपारचं ऊन असं येतं की मोबाइलमध्ये स्वतःचं तोंडच दिसतं. पाटीवरचं अक्षर मात्र उन्हात आणखी काळंभोर होतं. समोरच्या बसस्टॉपवर ताटकळणारी माणसं, कोलंबी सोलणारे आठवणीतले आईचे हात, सगळं मी तिच्यावरच काढलं.

बाबांना तिचं काडीचं कौतुक नव्हतं. ते मूळचे मालवणचे, उभा जन्म गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हेच त्यांचं काम. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. पेपरातल्या ओळी वाकड्या दिसू लागल्या, भिंगानेही भागेना. एके सकाळी त्यांनी पेपर बंद करायला सांगितला आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा रद्दीत घातला.

"माझां वाचन संपलां," एवढंच म्हणाले.

मला रागच आला. न वाचणारे बाबा मला ओळखीचेच वाटेनात. मोबाइलवर अक्षर मोठं करून दिलं, तर उजेड खुपतो म्हणाले. पाटी पुढे केली, तर "तां तुझां खेळणां" म्हणून हात मागे घेतला. मग मीही नाद सोडला.

पुस्तक प्रकाशकांकडे द्यायच्या आदल्या दुपारी मी गॅलरीत शेवटचं वाचत बसले होते. सात वेळा वाचून झालेलं, त्यामुळे चूक सापडणार नाही याची खात्री होती. चष्मा आत राहिला होता आणि उठायचा कंटाळा आला, म्हणून अक्षर एवढं मोठं केलं की पानावर जेमतेम पाच ओळी मावल्या. बाबा चहाचा कप घेऊन आले आणि माझ्या मागे थांबले.

"गो, तुझी चिता कित्याक?"

डोळ्यांपाठोपाठ आता बाबांचं डोकंही चाललं की काय! "काय बोलताय बाबा?"

"मी खंय बोलतंय? तूच लिवलंस. अनुस्वार खाल्लंस."

मी पाहिलं. ‘आईला कायम माझी चिता असायची.’ सातही वेळा मी तिथे चिंता वाचली होती.

खरं तर लाज वाटायला हवी होती. मी ओरडलेच, "बाबा, तुम्ही वाचलंत!"

"मग? मरणाची मोठी अक्षरां," म्हणत ते खुर्चीत बसले. मान जरा तिरकी करून, डाग चुकवून पुढचं वाचू लागले. पान संपलं तसं सवयीने बोट जिभेला लावलं आणि पाटीवर फिरवलं. पान हललं नाही, थुंकीचा पट्टा तेवढा उठला.

"थुंकी नको ना, वाट लागेल तिची!"

"आयुष्यभर अशीच पानां उलटली," ते म्हणाले आणि बोट पुन्हा जिभेला लावलं. मी रुमाल घेऊन शेजारी बसले.

प्रकाशकांना जरा थांबायला सांगितलं आणि पाटीचं पेन बाबांच्या हाती दिलं. रोज दुपारी ते वाचायचे, समासात खुणा करायचे. माझ्या शुद्ध मराठीत ऱ्हस्वदीर्घाच्या इतक्या चुका निघाल्या की वाद घालणं मी तिसऱ्याच दिवशी सोडलं. इतक्या आनंदाने मी कधीच कुणाकडून अपमान करून घेतला नव्हता.

शेवटचं प्रकरण आईच्या जाण्याचं होतं. त्यातलं एक वाक्य मी बाबांना द्यायच्या आधी पेनाने आडवी रेघ मारून खोडलं. ‘त्या दिवशी बाबा मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले.’ मी दाराबाहेर उभी होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणासमोर कधी डोळे न पुसलेल्या माणसाचं रडणं छापायचा मला हक्क नाही, असं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी पाटी माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला आत गेले. मी शेवटचं प्रकरण उघडलं. खोडलेल्या वाक्याखाली त्यांनी एका ओळीत टिंबं दिली होती. खोडलेला मजकूर परत घ्यायचा असला की त्यांच्या छापखान्यात अशी टिंबं देत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शेजारी समासात, छापखान्यात लिहीत तसेच, दोन शब्द होते.

राहू द्या.